सुझानचे अठरा दिवस

ऐक. बस इथं, त्या ओंडक्यावर. घाई असंल तर आताच जा बाबा, मधेच उठलेलं मला चालत नाय. तुला आज अशी गोष्ट सांगतो की एक मेलेली पोरगी स्वतःच्या पायानं युनिवर्सिटीत गेली आनि तिथल्या तीन शिकलेल्या सायबांशी भांडून आली. भुताची गोष्ट नाय ही. भूत परवडलं. भूत तुझ्याकडं अर्ज मागत नाय.

युनिवर्सिटीचं नाव मी घेनार नाय. आपल्याच वाडीची पोरं आता तिथं शिकतात, उगाच कशाला. आनि साल होतं त्रेपन्न.

आमची वाडी भुईगावच्या अलीकडं. तिथल्या चर्चची घंटा वाजवायचा लॉरेन्स. साठीचा मानूस, दोन इयत्ता शिकलेला, दोनी गुडघे गेलेले. पन मनोऱ्याच्या त्रेचाळीस पायऱ्या दिवसातून तीनदा चढायचा, आनि प्रत्येक पायरीला एक शिवी द्यायचा. फादर बोलायचे, "लॉरेन्स, देवाच्या घरात शिव्या?" तर हा बोलायचा, "फादर, पायऱ्या देवानं नाय बांधल्या. गवंड्यानं बांधल्या. त्यालाच देतो."

आता ह्या लॉरेन्सला एक गर्व होता. घंटा आमच्याकडं बोलते, तुला ठाऊक हाय. मिस्साच्या प्रार्थनेची वेगळी, सनाची वेगळी, मयताची वेगळी. बाप्या गेला तर तीन-तीन-तीन. बाई गेली तर दोन-दोन-दोन. ती ऐकली की रहाटाचा बैल थांबवायचा, हातातली कोयती खाली ठेवायची, कपाळाला क्रूस करायचा. तर लॉरेन्सचा गर्व असा, की मयताच्या घरच्यांनी चर्चपर्यंत धावत यायची गरजच नाय. हा मनोऱ्यावरून बघायचा. अख्खी वाडी वरून दिसते. मानूस गेलं की घरचे पयलं काम काय करतात? त्याची गादी उचलून अंगनात टाकतात. त्या गादीवर परत कोन झोपत नाय. तर ज्या घरी आजारी मानूस, त्या घरच्या अंगनावर ह्याची नजर. गादी बाहेर आली की ह्यानं दोर ओढलाच. लोक बोलायचे, लॉरेन्सला यमाच्या आधी कळतं. आनि हा मिशीत हसायचा.

त्या वर्षी आजारी पडली सुझान. पास्कल आनि मालूची पोरगी. पास्कलची केळीची बाग, चर्चपासून हाकेच्या अंतरावर. सुझान शहरात डाक्टरीला होती, दुसऱ्या वर्षाला. वाडीत तवर डाक्टर म्हंजे वसईहून टांग्यानं यायचा. तो येईस्तवर ताप तरी उतरायचा, नायतर मानूस. म्हनून ह्या पोरीकडं सगळ्यांचे डोळे. लॉरेन्सची बायको रोझलीन तर तिला वाटेत थांबवून आतापासूनच जीभ दाखवायची.

ऑगस्ट सरता सरता पोरगी ताप घेऊन घरी आली. एक सप्टेंबरपासून कॉलेजात गैरहजर. ही तारीख ध्यानात ठेव. वसईच्या डाक्टरनं सांगितलं, टायफाड. आठ दिवस गेले, दहा गेले, पोरगी मानूस ओळखंना. अकराव्या सांजेला फादर आले, मरत्या मानसाला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. मालूनं रडून रडून घसा बसवला. सगळी वाडी कान देऊन बसली.

बारा तारखेला सकाळी लॉरेन्स वर चढला. भाद्रपदाचं ऊन पडलेलं, सगळं लखलखीत. सवयीनं पास्कलच्या अंगनाकडं बघितलं. तर मालू आनि तिची बहीन गादी ओढत बाहेर आनत होत्या. मालूचा पदर डोळ्याला. त्यानं क्रूस केला, डोळे पुसले आनि दोर धरला. दोन. दोन. दोन.

आनि खाली घरात काय झालं होतं? पहाटे सुझानचा ताप उतरला होता! घामानं गादी भिजून चिंब. मालूला एवढा आनंद, की रडू आवरंना. पोरीला कोरड्या चटईवर घातली आनि गादी उन्हात काढली. तेवढीच गोष्ट.

सुझानला शुद्ध आलेली. घंटा ऐकून ती बारीक आवाजात बोलली, "आय, कोन गेलं गो?"

मालू बोलली, "कोन जाने, बाय. आजारी तर तूच होतीस."

पाच मिन्टात अंगन भरलं. मेनबत्त्या घेऊन बाया, टोप्या काढून बाप्ये. रोझलीन सगळ्यांच्या पुढं, "माझी डाक्टरीन गेली गो!" करत आत घुसली, तर डाक्टरीन चटईवर पेज पीत बसलेली. रोझलीननं जी किंकाळी मारली, ती घंटेपेक्षा लांब गेली असंल.

पास्कल तसाच हातात कोयती घेऊन चर्चखाली आला. "लॉरेन्स! खाली उतर! माझ्या पोरीला मारतोस काय रे?"

लॉरेन्सनं वरून वाकून बघितलं. "म्हंजे? हाय ती?"

"हाय! पेज मागते!"

हा उतरला नाय. बघ, इथंच मानूस कळतो. दुसरा असता तर चार दिवस तोंड लपवून बसला असता. ह्यानं परत दोर धरला आनि पुनरुत्थानाच्या सनाला वाजवतात तशी घंटा वाजवली. घनघनघनघन, थांबंचना. फादर झग्याची बटनं लावत लावत पळत आले. "लॉरेन्स! आज काय ईस्टर हाय?"

वरनं आवाज आला, "आमच्या वाडीत हाय, फादर!"

झालं. वाडी हसली, पास्कलनं कोयती खाली ठेवली, मालूनं सगळ्यांना गूळ-खोबरं दिलं. गोष्ट इथंच संपायची. पन त्या सकाळी फ्रेडरिक टांग्यात होता.

फ्रेडरिक आमच्याच वाडीचा, सुझानच्या कॉलेजात लायब्ररीत पुस्तकं काढून द्यायला नोकरीला. शहरातच राहायचा. दोन दिवस रजेवर आलेला, आनि सकाळची गाडी पकडायला मानिकपूरकडं निघालेला. वाटेत त्यानं दोन-दोन-दोन ऐकलं. टांगा थांबवून गुडघ्यावर बसला बिचारा. परत घंटा वाजली तवर टांगा लांब निघून गेला होता. कॉलेजात जाऊन रडत रडत सांगितलं. तिथं मास्तरांनी दोन मिन्टं उभं राहून प्रार्थना केली, आनि आफिसातल्या हेडक्लार्कनं हजेरीच्या वहीत सुझानच्या नावावर आडवी रेघ मारली. पुढं शब्द लिवला: मयत. तारीख बारा सप्टेंबर.

त्याच आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं पास्कलला. इंग्रजीत, टाइप केलेलं, खाली शिक्का. फादर तवा गोव्याला गेलेले. सुझानला ताप परत उलटलेला, डोळे उघडंना. पोस्टमनला थोडं थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं वाचलं, "कॉलेजला फार वाईट वाटलंय. देवाजवळ प्रार्थना करतायत."

पास्कलच्या डोळ्यात पानी आलं. "बघ मालू, केवढी मोठी मानसं. पोरीच्या आजाराची खबर गेली त्यांना. आता काळजी नाय." आनि ते पत्र त्यानं येशूच्या तसबिरीमागं जपून ठेवलं. पोरीच्या मयताचं पत्र, नि घरात रोज त्याच्यापुढं मेनबत्ती!

सुझान उठून बसली ती डिसेंबरात. केस सगळे गेलेले, डोक्याला रुमाल. नाताळाला फ्रेडरिक घरी आला, आनि पास्कलच्या अंगनात तिला उन्हात वाळवलेली केळी, सुकेळी, निवडताना बघून असा मागं सरला की रहाटाच्या पाटात पडला. वर काढला, पानी झटकलं, तवा कुठं एकेक उलगडा झाला. सुझाननं तसबिरीमागचं पत्र काढून वाचलं. वाचून थोडी हसली. मग हसायची थांबली.

"बाबा, वर्ष गेलं माझं."

"गेलं तर गेलं बाय. परत कर. जीव राह्यला ना."

"परत करायला परवानगी लागते. आजारी पोरानं तीस दिवसात अर्ज द्यायचा असतो. आपन दिलाच नाय."

जानेवारीत बापलेक कॉलेजात गेले. हेडक्लार्क तिला बघून आधी खुर्चीतून उठला, मग परत बसला. बोलला, "आनंद झाला. पण मुदत टळली." प्रिन्सिपलनं कागद युनिवर्सिटीला धाडला. फेब्रुवारीत उत्तर आलं. फादरनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. अर्ज मुदतीत नाही, सबब वर्ष पुन्हा करण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे. आनि खाली बारीक अक्षरात, की सदर जागा भरण्यात आली असून विद्यार्थिनीचं नाव पटावरून कमी झालेलं आहे. म्हंजे डाक्टरीच बंद. परत दार उघडायचं नाय.

लॉरेन्स मागं भिंतीला टेकून उभा होता. कोनी त्याच्याकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर बरं झालं असतं. घरी आला तर रोझलीननं ताट वाढलं नाय.

"जेवन?"

"त्या पोरीला दोर ओढून मारलीस. आता हापिसात जा आनि जिती कर. मग ये जेवायला."

"अगो, मी काय येशू हाय?"

"नाय. म्हनून तर तुला टांग्यानं जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी लॉरेन्स पास्कलकडं गेला. सुझान पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली. दार बंद झालं तरी पोरगी वाचतच होती. लॉरेन्स तिच्यापुढं उभा राह्यला, टोपी हातात पिळत.

"बाय, मला शिव्या दे."

"कशाला काका? तुमी घंटा चुकवली, पन अर्ध्या तासात परत वाजवली. त्या लोकांना पाच महिने झाले."

हे वाक्य लॉरेन्सच्या डोक्यात घुसून बसलं. बोलला, "मग भांडायचं?"

"अपील करता येतं," सुझान बोलली. "मी लिवून ठेवलंय. सुनावनीला मला बोलावतील."

"मला पन."

"तुमाला कशाला बोलावतील?"

"नाय बोलावलं तरी येतो. मयताला मला कोन बोलावतं काय?"

मार्चात तारीख लागली. लॉरेन्सनं फादरचा जुना काळा कोट घातला. हात अर्धी वीत लांब, तो दुमडला. गाडीत पास्कल सारखा बोलत होता, "तिथं शांत राहायचं लॉरेन्स. मोठी मानसं हायत." आनि लॉरेन्स सारखा विचारत होता, "एक सप्टेंबर ते बारा सप्टेंबर किती रे दिवस?"

"बारा. एक धरून."

"आनि मुदत तीसची?"

"हां."

मग हा बोटं मोजत राह्यला, ते दादरपर्यंत.

युनिवर्सिटीच्या दाराशी फ्रेडरिक उभा होता, तोंड पांढरंफट. "काका, माझं नाव घेतील. मी खबर दिली म्हनून. नोकरी जाईल माझी."

लॉरेन्सनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काय ऐकलंस तेच सांगितलंस ना? मग जा, पुस्तकं काढ. वाजवनारा मी."

आत लांबलचक टेबल. पलीकडं तीन मानसं. मधले म्हातारे, चेअरमन, आधी कोर्टात जज्ज होते म्हने. एका बाजूला कोन डाक्टर. दुसऱ्या बाजूला रजिस्ट्रार, पुढं फायलींचा ढीग, वर कॉलेजची हजेरीची वही, चेहरा इस्त्री केलेला. पास्कल दाराशीच उभा राह्यला. सुझान पुढं गेली, डोक्याला रुमाल बांधलेला. लॉरेन्स तिच्या मागोमाग.

रजिस्ट्रारनं नियम वाचला. आजारानं गैरहजर राहिल्याच्या पहिल्या दिवसापासून तीस दिवस. अर्ज आला जानेवारीत. "प्रश्नच उद्भवत नाही," तो बोलला.

सुझान बोलली, "सर, मी तापात होते. आणि कॉलेजनं मला मयत लिहिलं होतं."

"ते तुमच्याच गावाकडून कळलं. कॉलेजचा त्यात दोष नाही." मग जरा मऊ आवाजात, "हे पाहा. दया म्हणून एक मार्ग आहे. इथे सही करा, की अर्ज न देणं हा माझा हलगर्जीपणा होता, त्याबद्दल मी दिलगीर आहे. समिती विचार करील."

कागद पुढं सरकला. लॉरेन्सला वाटलं, सुटलो! तो हळूच बोलला, "कर बाय, कर सही. कागदच तर हाय."

सुझाननं कागद वाचला. परत सरकवला. "नाही करणार. मी हलगर्जीपणा केला नाही. मी आजारी होते."

रजिस्ट्रार बोलला, "मग निर्णय कायम."

"कायम करा. पण माझ्या सहीनं नाही."

पास्कलनं दाराशी डोळे मिटले. लॉरेन्सनं पोरीकडं बघितलं. हाडं वर आलेली, मान मात्र ताठ. आनि आपन तिला सही कर बोललो, ह्याची त्याला अशी लाज वाटली की त्यानं टेबलावर थाप मारली.

"सायेब! हलगर्जीपना लिवायचाच असंल तर माझ्या नावावर लिवा."

चेअरमननी चष्म्यावरून बघितलं. "आपण कोण?"

"हिला मारली तो मी."

तिघे पन सरळ बसले. लॉरेन्सनं सगळं सांगितलं. मनोरा, गादी, दोन-दोन-दोन. गादीचं सांगताना डाक्टर सायबाला हसू आवरंना. रजिस्ट्रार बोलला, "याचा अपिलाशी संबंध काय?"

"सांगतो ना. तुमची मुदत तीस दिवसांची. पोरगी गैरहजर एक तारखेपासून. बरोबर? आनि तुमी तिला मेलेली लिवलीत कधी? वही उघडा."

"त्याची गरज नाही."

चेअरमन बोलले, "उघडा."

वही उघडली. बारा सप्टेंबर. नावावर रेघ, पुढं मयत.

"बारा दिवस ती जिती होती," लॉरेन्स बोलला. "त्यानंतर तुमच्या वहीत मेली. आता मला सांगा, मेलेल्या मानसाचे दिवस कोन मोजतं? मी चाळीस वर्षं मयतं वाजवतोय. मयताला वार नाय, तारीख नाय, मुदत नाय. बाराव्या दिवशी तुमी तिचं घड्याळ थांबवलंत. तीसातून बारा गेले. हिचे अठरा दिवस तुमच्या त्या वहीत अडकलेत, सायेब. ते द्या. फुकट काय मागत नाय आमी."

डाक्टर सायबानं चेअरमनकडं बघितलं. रजिस्ट्रार लाल झाला. "सर, असा पायंडा पडला तर उद्या प्रत्येक जण येईल!"

"प्रत्येक जन मरून परत येनार हाय काय?" लॉरेन्स बोलला. "येऊ दे की. आला तर त्याला पन बसवा वर्गात. एवढा लांबून आलेला असनार."

डाक्टर सायबानं रुमाल तोंडाला लावला. चेअरमन हसले नाय. त्यांनी विचारलं, "तुमची चूक कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"परत वाजवली. सनाची."

"किती वेळानं?"

"अर्धा तास पन नसंल. तीन गावांनी माझी फजिती ऐकली."

"फादरची परवानगी घेतली होती?"

"नाय घेतली. चूक माझी होती, ती दुरुस्त करायला फादरला कशाला विचारू? सायेब, मी दोन इयत्ता शिकलो. मला माझी चूक खोडायला अर्धा तास लागला. तुमी तर केवढे शिकलेले. ही पोरगी जानेवारीत तुमच्या हेडक्लार्कसमोर जिती उभी होती. त्याच वेळी त्यानं ती रेघ खोडायची. अजून खोडली नाय. बघा, तशीच हाय. आता पन, तुमच्यासमोर ती श्वास घेतेय आनि वहीत मेलेली हाय. ह्यातलं खरं कोन, ते तुमी ठरवा. पन एकच ठेवा."

चेअरमननी वही स्वतःकडं ओढली. मग तिघांनी खाली वाकून इंग्रजीत काय काय बोलनं केलं. रजिस्ट्रार सारखी मान हलवत होता, नाय नाय नाय. डाक्टर सायेब सारखी हलवत होता, हां हां हां. पास्कल दाराशी माळ जपत होता. सुझानला आता उभं राहवंना, तर ती टेबलाची कड धरून राह्यली. बसली नाय पन.

चेअरमन बोलले, "विद्यार्थिनीचं नाव आजपासून पटावर पुन्हा घ्यावं. मयत ही नोंद चुकीची होती, असं समोर लिहावं. चूक कॉलेजची. मुदतीतले उरलेले अठरा दिवस आजपासून धरावेत. त्या मुदतीत अर्ज आला, तर वर्ष पुन्हा करण्याची परवानगी द्यावी. जागा नसेल तर एक वाढवावी."

रजिस्ट्रार बोलला, "म्हणजे अर्ज नव्यानं करावा लागेल. रीतसर. वैद्यकीय दाखल्यासह."

त्याला वाटलं असंल, आता ही गावाला जाईल, परत फेऱ्या मारील, कुठं तरी अडकंल. सुझाननं पिशवीत हात घातला. अर्ज काढला. वसईच्या डाक्टरचा दाखला काढला. दोनी त्याच्यापुढं ठेवले.

"तारीख रिकामी ठेवली होती," ती बोलली. "पेन देता?"

त्याचंच पेन घेतलं, तारीख घातली, सही केली. तिची हीच सही तिथं झाली, दुसरी नाय. रजिस्ट्रार कागद तसाच घ्यायला लागला, तर लॉरेन्स बोलला, "शिक्का. पोचल्याचा शिक्का मारा. आमच्या डोळ्यासमोर." मारला. असा मारला की टेबल हाललं.

बाहेर आल्यावर सुझान पायरीवर मटकन बसली. लॉरेन्सला बोलली, "काका, मी सही केली असती तर सोपं झालं असतं ना?"

"मी तर बोललो होतो कर."

"हां. ऐकलं मी."

"मग? नाय ऐकलंस माझं, ते बरं केलंस. माझं ऐकून एकदा मेलीस."

ती एवढी हसली, की रुमाल डोक्यावरून घसरला. खाली काळे काळे नवे केस, बोटभर. तिनं रुमाल परत बांधला नाय. तशीच उघड्या डोक्यानं शहरातून चालली. लोक बघत होते. बघू देत.

जूनात ती कॉलेजात गेली, परत दुसऱ्या वर्षाला. हेडक्लार्कनं पयल्या दिवशी तिचं नाव जरा हळूच वाचलं, तर ती उठून ठनकावून "हजर" बोलली. पुढं पास झाली, वाडीत आली, दवाखाना घातला. रोझलीन पयल्या दिवशी पयली आत घुसली, जीभ बाहेर काढून.

आता तू म्हनशील, हे सगळं तर मला ठाऊक हाय. नाय, तुला ठाऊक हाय ते वेगळं. मानिकपूरच्या बाजारात आता लोक सांगतात, की पास्कलनं मोठा वकील लावला होता. कोन सांगतं, मंत्र्याचा वशिला होता. कोन सांगतं, बिशपनं चिठ्ठी दिली. गरीब मानूस नुसता खरं बोलून जिंकला हे लोकांच्या पचनीच पडत नाय, त्याला काय करू? लॉरेन्स गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. तो असता तर स्वतः जाऊन एकेकाची कॉलर धरली असती. माझ्यानं आता एवढं चालवत नाय. तुझे पाय धड हायत, तू रोज बाजारात जातोस. तर माझं एवढं काम कर बाबा. तिथं कोन वकिलाचं नाव घेईल, त्याला मधेच थांबव, आनि सांग, की वकील नव्हता, वशिला नव्हता. एक पोरगी होती, तिनं खोट्या कागदावर सही केली नाय. आनि दोन इयत्ता शिकलेला लॉरेन्स होता. सांगशील ना?